सहमत नाही

टेलरबाईंचे कान कारखान्यात गेले. तरुणपणी त्या शर्टांच्या कॉलरी शिवायच्या, आणि त्या हॉलमध्ये शिलाई मशिनांचा असा खडखडाट असायचा की शेजारणीचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागे. पुढे त्यांनी कपडे दुरुस्तीचं स्वतःचं दुकान टाकलं, पण कान काही परत आले नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाह्या आखूड करा," आणि बाई कंबर आत घ्यायच्या. असे दोन-चार चांगले कोट बिघडले, तेव्हा भाचीने हट्टाने त्यांना कानातलं यंत्र घेऊन दिलं.

यंत्र मोबाइलवरच्या अ‍ॅपवर चालायचं. त्यात 'गर्दी' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की रस्त्याचा गोंगाट मागे सरायचा आणि समोरच्याचं बोलणं पुढे यायचं. दुकान ऐन रहदारीवर, त्यामुळे त्या बटणावर बाईंचा भारी जीव.

एका सकाळी अ‍ॅप नवं झालं. उघडल्यावर लांबलचक मजकूर आणि खाली एकच ठसठशीत बटण: सहमत.

बाईंचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. बारीक अक्षर दिसलं की त्यांना राहवायचं नाही. त्यांनी चष्मा चढवून सगळं वाचलं आणि बाईंच्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "अगं, 'गर्दी'ला आता दरवर्षी पैसे. वर तू कुठे जातेस, फोनमध्ये कोणाकोणाचे नंबर आहेत, तुझ्या आसपास कसले आवाज होतात, हे सगळं त्यांना हवंय. भागीदारांना देणार म्हणे!"

"म्हणजे आपली भांडणंसुद्धा विकणार का ते?"

"विकतील. घेणाऱ्याचं मात्र कौतुक करायला हवं!"

बाई हसल्या, पण सहमत दाबायला बोट काही पुढे होईना. आपला कान ऐकू येण्यासाठी आहे, दुसऱ्याने तो लावून बसावं म्हणून नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी बटण न दाबताच अ‍ॅप बंद केलं, तशी 'गर्दी' गेली आणि यंत्राचा आवाज एकदम तळाला गेला. दुकानात पुन्हा खाणाखुणा सुरू झाल्या. एका गिऱ्हाइकाने तर कंटाळून पॅन्ट उचलली आणि तो चालता झाला.

शेवटी दोघांनी कंपनीला फोन लावला. ऐकू न येणाऱ्यांसाठी यंत्रं करणाऱ्या कंपनीने मदतीसाठी फोनवर बोलणारं दुसरं यंत्रच बसवलेलं! यजमान एकेक आकडा दाबत होते आणि अधूनमधून तोंडाने सांगत होते, "आता गाणं लागलंय... अजून गाणंच."

बऱ्याच वेळाने एक बाई लाइनवर आली आणि घोकल्यासारखी वर्गणीचे फायदे सांगू लागली. टेलरबाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

"बाई, तुम्ही काय बोलताय ते मला ऐकू येत नाहीये. पण माझं ऐका. मला फुकट काही नको. यंत्र घेतलं तेव्हा जे होतं, तेवढंच परत द्या. माणसं माझ्याशी बोलायची थांबलीत हो."

त्यांनी फोन यजमानांकडे दिला. पलीकडून तीच बाई, पण आता हलक्या आवाजात, सावकाश बोलू लागली. यजमान ऐकत गेले आणि त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "सहमत दाबू नका म्हणाली. दाबलं की यंत्रातलं मागचं सगळं पुसतं. यंत्राला स्वतःची आठवण असते. कुठल्याही कानाच्या दवाखान्यात वायर जोडून 'गर्दी' कायमची आत बसवून देतात, अ‍ॅप लागतच नाही. आणि हे मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका, म्हणाली."

दवाखान्यातल्या मुलीने वायर जोडली आणि थोड्याच वेळात बाईंना 'गर्दी'साठी यंत्राच्या मागच्या बाजूची बारीकशी कळ दाबायला शिकवलं. फोनवरचं बोलणं आता थेट कानात येणार नव्हतं, तेवढं गेलं. पण बाहेर आल्या आल्या बाईंना यजमानांचं पुटपुटणं ऐकू आलं: "एवढ्याशा वायरीसाठी किती छळलं मेल्यांनी."

"ऐकलं हं मी," बाई म्हणाल्या, आणि यजमानांचे डोळे भरून आले.

त्या फोनवरच्या बाईचे आभार मानायचे म्हणून बाईंनी पुन्हा फोन लावायचं ठरवलं. यजमानांनी समजावलं, "कशाबद्दल आभार, असं विचारलं तर? कंपनीच्या पदरात पडणारे पैसे हिने बुडवले. नोकरी जाईल तिची." बाईंनी फोन खाली ठेवला. मग कंपनीचा मेसेज आला, आमच्या कर्मचाऱ्याशी झालेलं बोलणं कसं वाटलं? बाईंनी पाचही तारे दिले आणि खाली एवढंच लिहिलं: फार नीट बोलल्या.

त्याहून जास्त लिहिता येत नव्हतं, याचीच त्यांना चुटपुट. म्हणून शेजारच्या घड्याळवाल्या आजोबांचं यंत्र असंच मुकं झालं, तेव्हा बाई दुकान बंद करून स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. आजोबा परतताना पुन्हा पुन्हा आभार मानू लागले.

"माझे नका मानू," बाई म्हणाल्या. "एक बाई आहे. नाव मला माहीत नाही, आणि आवाजही मी ऐकलेला नाही."