थर्ड करून आलेल्याला उठवायचं नाही

काळेवाडीत आमच्या खोल्यांच्या रांगेत एक नियम होता. थर्ड शिफ्ट करून आलेल्या माणसाला उठवायचं नाही. बायका कुकरची शिट्टी व्हायच्या आत चमच्यानं उचलून वाफ सोडायच्या. घरमालकिणीला आम्ही मामी म्हणायचो. ती सकाळी पोरांना दारापुढं चेंडू खेळू द्यायची नाही. "रातभर उभा ऱ्हाऊन आलाय त्यो. उठवलं तर पाप लागंल," म्हणायची. मला तो नियम फार आवडायचा. घरापासून इतक्या लांब आपल्या झोपेची कुणाला तरी काळजी आहे, असं वाटायचं.

मी हिंगोलीकडचा. शाळा आठवीत सुटली. इथं आणलं ते दादानं. दादा म्हणजे सख्खा नाही, शेजारच्या गावचा, दहा-बारा वर्षांनी मोठा. चाकणच्या कंपनीत कंत्राटदाराकडं माझ्यासाठी त्यानंच शब्द टाकला. पहिल्या दिवशी मिळालेले बूट मला ढिले होत होते, तर त्यानं पुढं पेपरचे बोळे कोंबून दिले आणि म्हणाला, "आता चाल साहेबावानी. कशाला भ्यायलास?"

खोलीत गादी एकच होती. तो थर्डला, मी फर्स्टला, त्यामुळं एकच पुरायची. मी चारला बसमधून उतरून यायचो तेव्हा तो नुकता उठलेला असायचा आणि गादी त्याच्या अंगानं ऊबदार असायची. तिच्यावर पाठ टेकली की बरं वाटायचं.

दिवाळीनंतर गादी गार लागायला लागली. चादरीला सुरकुती नसायची. त्याचा डबा भरलेला तसाच परत यायचा. विचारलं तर म्हणायचा, "गरम व्हायलंय रे. भिंतीला टेकून बसलो होतो." थंडीचे दिवस होते. मला कळलं नाही असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. आता सांगत नाही.

त्याच सुमारास एका संस्थेच्या ताई यायला लागल्या. मनाचा त्रास असेल तर घरोघर जाऊन बोलायचं, सरकारी दवाखान्यात सोबत न्यायचं, हे त्यांचं काम. आधी दोन-तीनदा रविवारी आल्या आणि कुलपं, बंद दारं बघून परत गेल्या. मामीनं त्यांना हसून सांगितलं, "बाई, रविवारी हितं कुत्रं न्हाई घावायचं. कंपन्यांची सुट्टी बेस्तरवारी. तवा या."

तशा त्या गुरुवारी दुपारी आल्या. मी दारात कपडे धूत होतो. आत दादा, तोंडावर चादर घेऊन. ताईंनी चौकटीपाशी बसकण मारली आणि हातातल्या कागदावरचं एकेक विचारायला लागल्या. झोप लागते का, जेवण जातं का, नको नको ते विचार येतात का. हा कागद कंत्राटदाराच्या हातात पडला तर? डोक्याचं काही आहे म्हटलं की गेट पास बंद, असं मी ऐकलेलं.

"आत कोण आहेत?"

"दादा. थर्ड करून आलेत."

"त्यांच्याशी बोलता येईल? पाचच मिनिटं."

"नाही हो ताई, थर्डवाल्याला उठवत नाहीत."

"व्हय, न्हाई उठवायचं," मामी पलीकडून म्हणाली.

"बरं. झोप लागते ना त्यांना?"

"बघा की. ढाराढूर!"

ताई हसल्या, मामी हसली, मीही हसलो. तेवढ्यात माझी नजर आत गेली. चादरीबाहेर आलेला दादाच्या पायाचा अंगठा हलत होता. थांबायचा, परत हलायचा. मी तो पाहिला, आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांना त्याच्या वतीनं "काही नाही, काही नाही" म्हणत राहिलो.

त्या गेल्यावर तो उठून बसला. डोळे लाल.

"ती बाई परत कधी येणाराय?"

"कशाला? येडं समजतील आपल्याला."

"तेही खरंच," तो म्हणाला.

पंधरा दिवसांनी तो कंपनीच्या बसला गेलाच नाही, खोलीवरही आला नाही. चौथ्या दिवशी फोन आला. तळेगाव स्टेशनच्या बाकावर एक माणूस बसून आहे, बोलत नाही, खिशातल्या चिठ्ठीवर हा नंबर आहे. मी गेलो. मला बघून त्यानं मान वळवली. पायात बूट नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याचा मेव्हणा येऊन त्याला गावी घेऊन गेला.

मग माझी झोप गेली. गादी दिवसभर, रातभर माझीच होती आणि मी भिंतीला टेकून बसायचो. ताई पुन्हा एका गुरुवारी आल्या, तेव्हा मी त्यांना अंगठ्याचं सांगितलं. त्यांनी हातातला कागद मिटला. मग म्हणाल्या, "उद्या फर्स्ट सुटल्यावर माझ्याबरोबर चल." मी म्हणालो, कंपनीला कळेल. "कागद दवाखान्यातच राहतो रे. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं." त्यांच्यामुळं मी आज झोपतो. त्यांचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. सुट्टीला मी त्यांच्याबरोबर घरोघर फिरतो. थर्डवाला आत असला तर हळूच विचारतो, "भाऊ, जागे आहात का?" बरेच जण जागे असतात.

दादाच्या घरी मी गुरुवारी फोन लावतो. मागच्या वेळी त्याच्या आईनं उचलला.

"मावशी, त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर आहेत तिथं. मी रजा टाकून येतो, मी नेतो."

"त्याला काय झालंय? येडा हाय का माझा लेक? थकून आलाय लेकरू. झोपून असतंय."

"जागा असंल तो. त्याच्या कानाला फोन लावा."

तिनं लावला असावा. श्वास ऐकू येत होता. मी मामीचं सांगितलं, पोरांच्या चेंडूचं सांगितलं. तुझे बूट खोलीतच राहिलेत, जपून ठेवलेत म्हणालो. दादा, त्या दिवशी मी बघितलं होतं, म्हणालो. श्वास थोडा थांबला, मग परत चालू झाला.

मग मावशीचा आवाज आला, हळू, दबलेला.

"म्हनलं नव्हतं? झोपलाय. नको उठवूस."