मायचे चार आकडे

मी बँकेत लागले तेव्हा माझ्या काउंटरच्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता. पिन, ओटीपी कोणालाही सांगू नका. त्याच काचेला टेकून लोक मला मोठ्यानं आपला पिन सांगत.

मला त्यांचा राग येत नसे, कारण मी तसल्याच गावातून आले आहे. आमच्याकडे कळमनुरीच्या बाजाराला जो निघेल त्याच्याजवळ गल्लीतली सगळी कार्डं दिली जात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत पिन लिहिलेली चिठ्ठी, वरून रबर. कॉलेजला असताना मी अशी सात-आठ कार्डं दप्तरात घालून जाई आणि संध्याकाळी घरोघर पैसे पोचते करी. कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. चिठ्ठी न देता नुसतं कार्ड देणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं. एवढं वाईट वागणं कोणाला जमत नसे.

त्यामुळे काउंटरवर माझे संवाद असे होत :

"काकू, कोणी फोन करून म्हणलं, मी बँकेतून बोलतो, नंबर सांगा, तर काय करायचं?"

"तुला इचारीन की."

"आन् फोन मीच केला तर?"

"मग तर बिनघोर सांगीन!"

"न्हाई काकू. मलाबी न्हाई सांगायचं."

काकूंचा चेहरा पडे. त्यांच्या घरी जाऊन मी पाणी न पिता उठले असावे, तसा.

हे मी रोज वीस-पंचवीस जणांना सांगत होते. एकीला तेवढं सांगितलं नव्हतं, माझ्या मायला.

माय शाळेत गेलेली नाही. मी सातवीत असताना तिला पाटीवर सही शिकवली, मग आकडे शिकवले. तिनं लोकांच्या रानात हळद काढून माझी फी भरली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. नोकरी लागल्यावर मी म्हणाले, आता रानात जाऊ नको. ती म्हणाली, "जाईन. पण आताचे पैसे माह्या खात्यात ठिवीन." मग मी तिचं खातं काढलं, तिला फोन घेऊन दिला, खात्याला तिचाच नंबर जोडला. अर्जावर तिनं सही केली तेव्हा ओळ थोडी वर चढली होती. शिपाईमामा म्हणाले, "मावशी, सही तर साहेबासारखी हाय." ती पदर तोंडाला लावून हसली. पिन मात्र मीच टाकला होता, माझ्या जन्मसालाचा. बाकीचं शिकवायचं राहून गेलं. घरच्या माणसाला काय शिकवायचं, असंच मला वाटत असणार.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, तिचा फोन आला.

"बाई, तुह्या बँकेतल्या त्या पोराचं काम झालं का?"

"कोणत्या पोराचं?"

"आत्ता त्याचा फोन आलता. लई घाबरून गेल्ता बिचारा. म्हणे, मावशी, तुमचं कार्ड आज चालू न्हाई झालं तर साहेब मला कामावरून काढतेत. म्या म्हणलं, भिऊ नको, माही लेकबी तिथंच हाय. जेवला का म्हणून इचारलं, तर न्हाई म्हणला."

"माय, तू त्याला काय सांगितलं?"

"कार्डावरचे आकडे. मंग मेसेज आला, त्यातले. दोनदा वाचून दाखवले. एकबी चुकला न्हाई."

ते आकडे तिला मीच शिकवले होते.

मी धावत शाखेच्या साहेबांकडे गेले, त्यांनी लगेच कार्ड बंद केलं. तोवर दोनदा पैसे गेले होते, तिसऱ्यांदा अडले. आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, संध्याकाळी मी मायला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी सगळं नीट लिहून घेतलं. म्हणाले, लवकर कळवलंत, काही रक्कम ज्या खात्यात गेली तिथंच अडवता येईल. तशी ती नंतर परत आलीही, थोडी. सगळी नाही. येताना बसमध्ये माय एकच वाक्य बोलली, "जेवलो न्हाई म्हणला तो."

त्यानंतर ती फोनच उचलेना. माझाही. शेजारच्या वहिनींच्या फोनवर तिला बोलवावं लागे. आणि दहा-बारा दिवसांनी ती स्वतःच शाखेत आली, नव्या लुगड्यात, काहीतरी ठरवून आल्यासारखी.

"खातं बंद कर माहं. उरलेले तू तुह्या खात्यात ठिव."

"काहून माय?"

"माह्याच्यानं न्हाई व्हत ते. कशाला हात लावला तर इस्कोट."

मी म्हणू शकले असते की चूक माझी होती. म्हणालेही. तिनं ऐकलं नाही. नियमानं मला अर्ज द्यावाच लागला. बंद करायलाही तिचीच सही लागणार होती. ती अर्ज आणि पेन घेऊन बाकावर बसली. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले, पण लक्ष सगळं त्या पेनाकडे होतं.

पुढचं गिऱ्हाईक आमच्याच गावातली काकू होती. तिनं रबर काढलं, कार्ड आणि चिठ्ठी काचेखालून आत सरकवली.

"काढून आण ना पोरी मशीनवरून. पिन त्यात हाय, आन् वाचायला न्हाई आला तर सांगते..."

"ए, गप!" बाकावरून आवाज आला. माय उठून उभी होती. "चिठ्ठी उचल आधी."

काकू गोंधळली. "काहून वं? तुहीच तर लेक हाय."

"हाय ना. मंग तिलाबी सांगू नको. माही लेक तिथं हाय म्हणून म्या बी इश्वास ठिवला, आन् गमावून बसले. आपली माणसं हायेत म्हणूनच सांगायचं न्हाई."

"मंग पैसे कोण काढन?"

"तू काढ. तुला हात न्हाईत?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. काकूनं चिठ्ठी परत घेतली आणि ब्लाउजमध्ये खोचली. "मोठी आली साहेबीण," ती पुटपुटली. पण गेली नाही, तिथंच थांबली.

माय हातातल्या अर्जाकडे पाहत राहिली. मग तो काचेखालून माझ्याकडे सरकवला. सहीची जागा कोरी होती.

"नवीन कार्ड आलं म्हणली होतीस तू?"

सुट्टी झाल्यावर आम्ही तिघी शेजारच्या मशीनवर गेलो. नव्या कार्डाचा पिन टाकायचा होता. मायच्या फोनवर मेसेज आला. तिनं दचकून माझ्याकडे पाहिलं.

"हेच का ते आकडे?"

"हेच. हे फक्त या मशीनला सांगायचे, तेबी तुह्या बोटानं."

तिनं ते एकेक करून दाबले. मग मशीननं नवा पिन मागितला. मी पुढे वाकले. मला वाटलं, जुनाच टाकेल, किंवा विचारेल.

"तिकडं तोंड कर," माय म्हणाली.

मी आणि काकू रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिलो. बाजारातून परतणाऱ्या रिक्षा जात होत्या. पाठीमागून चारदा टुक असा आवाज आला, सावकाश. थोडं थांबून पुन्हा चारदा.

तिचा पिन काय आहे, ते मला अजून माहीत नाही.