सहा व्होल्टची शीळ

आमच्या कामाच्या खोलीत टेबलाखाली चिकूचं एक रिकामं खोकं होतं. आम्ही बनवलेल्या दिव्यांपैकी न पेटलेले पीस त्यात जायचे. 'नंतर बघू' म्हणून आज एक, उद्या दोन. महिनाभरात खोकं काठोकाठ! किस्सेही असेच साठतात. घडताना कुणाला हसू येत नाही, कारण त्या वेळी हमखास काहीतरी जळालेलं असतं.

मला तर तेव्हा धड झोपही येत नव्हती. माझी मंजू तीन वर्षांची होऊन गेली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. 'आई' नाही, 'पाणी' नाही. हवं ते बोटानं दाखवायची, नको ते पायानं ढकलायची. आणि मी जे काम करत होते त्यातून दिवसभर एक बारीक शीळ निघायची, टाचणीच्या टोकासारखी. मंजू माझ्याबरोबर तिथेच असायची, कारण घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं. अंथरुणावर पडलं की मला वाटायचं, त्या शिळेनंच पोरीचे कान गेले. ऐकूच येत नाही तर बोलेल काय? आणि हे केलं कुणी? बी.एस्सी. फिजिक्स झालेल्या आईनं!

काम काय ते सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरहून नवापूरकडे जाताना राऊतकाकांची वाडी लागायची. काका पूर्वी वायरलेसचे मेकॅनिक. रिटायर झाल्यावर त्यांनी चिकू ठेवायच्या खोलीत इमर्जन्सी लाइट बनवायला घेतले. सहा व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, आणि एका काळ्या गाभ्यावर गुंडाळलेल्या तीन कॉइल. एवढ्याशा जुळणीतून सहाचे काहीशे व्होल्ट व्हायचे आणि हातभर लांबीची ट्यूब पेटायची. सर्किट चालू झालं की शीळ घालायचं. नाही झालं तर गप्प बसून नुसतं तापायचं.

अशा गप्प पीसला आमच्याकडे 'मुका' म्हणत. दिवसातून तीन-चारदा तरी कुणीतरी ओरडायचं, "हा पण मुका निघाला!" दर वेळी माझा हात थांबायचा.

* * *

पहिल्याच दिवशी काकांनी माझ्यापुढे एक मुका पीस ठेवला. "बी.एस्सी. ना तुमी? मग बघा."

मी वही काढली. आकृती काढली, बाण काढले, कुठून करंट जातो, कुठे किती व्होल्ट हवेत, सगळं मांडलं. तासभर गेला. ट्रान्झिस्टर एवढा तापला की त्यावर पापड भाजता आला असता.

शेजारी वनिता कॉइल गुंडाळत होती. नवापूरची कोळीण, शाळा पाचवीपर्यंत. जाळी विणून तिची बोटं अशी तयार झालेली की केसाएवढी तारही तिच्या हातून तुटायची नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, पीसकडे पाहिलं, हात पुसला, छोट्या कॉइलच्या दोन तारा सोडवल्या आणि याची तिथे, त्याची इथे अशा जोडल्या.

शीळ! ट्यूब लख्ख!

"आदी उलटा करून बगायचा, वैनी," ती म्हणाली. "मंग वही."

नंतर मी पुस्तकात वाचलं. छोट्या कॉइलच्या तारा उलट लागल्या तर सर्किट स्वतःलाच ढकलायच्याऐवजी स्वतःलाच अडवत बसतं. माझ्या बाबतीतही तेच चाललं होतं म्हणा, पण माझ्या तारा बदलायच्या कुणी?

* * *

काकांची पद्धत वेगळी. पीस पेटला नाही की ते तो उचलून टेबलावर आपटायचे. वायरलेसवर असताना जडलेली सवय! क्वचित पेटायचाही, मग त्यांना आणखी चेव.

वनिताच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना 'तू'. काकांना तर ती सरळ झापायची, "आपटतस कशाला? आदी उलटा करून बग!"

काका पहिल्यांदा रागावले. "मालक कोण आहे इथे?"

"मालक तूच हायस. पीस माजा हाय."

पुढे पुढे काकांनी आपटायला हात उचलला की ती मान वर न करताच ते 'आपटतस कशाला?'वालं वाक्य म्हणायची. दिवसात आठ-दहा वेळा तरी!

* * *

एकदा काकांच्या लक्षात आलं की निम्म्या लाइटची बॅटरी उतरत आली तरी ट्यूब झटकन पेटते आणि निम्म्या लाइटची लुकलुक करत राहते. भिंतीवर कागद चिकटवलेला होता: मोठी कॉइल, तीनशे वेटोळी. मग फरक का? दोन दिवस काका मीटर लावून बसले, मी वही घेऊन बसले. ट्रान्झिस्टर बदलले, बॅटऱ्या बदलल्या. काही नाही.

शेवटी मी एक चांगली पेटणारी कॉइल सोडवून मोजली. तीनशे तीस! दुसरी मोजली. तीनशे तीस! लुकलुकणारी मोजली, ती मी स्वतः गुंडाळलेली होती. बरोब्बर तीनशे.

"वनिता, तू तीनशे तीस का गुंडाळतेस?"

"तीनशेच गुंडाळते मी."

"मग हे तीस?"

"ते वरचे!" ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी अडाणीच. तिची आई बाजारात सुके बोंबील विकायची. शंभर मोजून झाले की दहा वर टाकायचे, ही त्यांच्या घरची रीत. "नुसते शंबर दिले तर गिऱ्हाईक काय म्हनंल?"

काकांनी लुकलुकणारी कॉइल बाजूला ठेवली. मग पेन घेऊन भिंतीशी गेले आणि कागदावर लिहिलं: तीनशे, आणि वरचे.

* * *

काकांच्या ओळखीचे तिवारीजी एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन होते. शिफ्ट सुटली की गप्पा मारायला यायचे. आमचं काम बघून हसायचे. "छह वोल्ट में क्या दम है, भाभीजी? हम तो चार सौ चालीस में हाथ डालते हैं."

असं म्हणत त्यांनी चालू पीसची तार, ट्यूब न लावलेली, दोन बोटांत धरली.

स्टूल एकीकडे, तिवारीजी दुसरीकडे, चहा तिसरीकडे!

वनितानं कॉइल खाली ठेवली. "दम भेटला काय, भाऊ?"

सगळे हसले, मी नाही. टेबलाखालच्या दुसऱ्या खोक्यात मंजू बसायची, तारांचे तुकडे आणि जुने सेल घेऊन खेळायची. ती तार तिच्यापासून दीड हातावर होती. मी त्याच पावली तिला उचलून घरी गेले आणि तीन दिवस कामावर गेले नाही. चौथ्या दिवशी गेले. का गेले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. घरी बसून ती बोलत नव्हती, आणि तिथे निदान मी काही दुरुस्त करत होते.

गेल्यावर पाहिलं तर काकांनी टेबलाच्या कडेला सगळीकडून फळ्या ठोकल्या होत्या. आणि तिवारीजी लांबूनच पीसकडे हात करून म्हणत होते, "इनको ज़रा उधर रखिए."

त्या दिवसापासून त्यांनी सर्किटला कधी अरे-तुरे केलं नाही.

* * *

सफाळ्याचे एक दुकानदार आमचा लाइट परत घेऊन आले. "दिवा झकास पेटतो हो. पण पेटला की रेडिओ ओरडतो. बातम्याच ऐकू येत नाहीत, नुसतं किर्रर्र!"

काकांनी आधी टाळायला बघितलं. "लाइट गेल्यावर रेडिओ कसा लावता?"

"सेलवर!"

दोष आमच्याच सर्किटचा होता. त्याची खरखर वायरीवाटे बाहेर पडून रेडिओत शिरायची. मी त्यात एक कपॅसिटर बसवला, वायर आखूड केली, खरखर पुष्कळ कमी झाली. मला आपलं उगाच वाटलं, आता मला थोडंफार येतं.

पुढच्याच आठवड्यात सफाळ्याचेच दुसरे गृहस्थ आले. दारातूनच, आवाज खाली आणून म्हणाले, "शेजाऱ्याचा रेडिओ बंद पाडणारा दिवा तुमच्याकडेच मिळतो ना? एक द्या. तो नवा सुधारलेला नको!"

* * *

घरी मंजूवर इलाज चालूच होते. सासूबाईंनी गावाहून शंख पाठवला. शंखातलं पाणी पाजलं की पोर बोलतं म्हणे. मी फिजिक्सची पदवीधर. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तीन गुरुवार पाजलं. चौथ्या गुरुवारी फक्त विसरले म्हणून राहिलं.

तिच्या पाठीमागे ताट वाजवून बघायचे. कधी वळायची, कधी नाही. नाही वळली की मी आणखी जोरात वाजवायचे. वळली की वाटायचं, ताटाचा वारा लागला असेल.

नवरा शिफ्टवरून आला की मी रडायचे. तो म्हणायचा, "मीसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो."

"आणि नंतर तरी कुठे बोलता!"

* * *

मग तो एक भलताच हट्टी पीस आला. ट्यूब पेटत नव्हती. तारा उलट केल्या, तरी नाही. परत सुलट केल्या. नाही. ट्यूब बदलली. नाही. शीळही नाही. काका म्हणाले, "ट्रान्झिस्टर गेला. टाका खोक्यात."

मी पुन्हा एकदा बॅटरी जोडली. टेबलाखाली मंजूनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

मी बॅटरी काढली. तिनं हात काढले.

जोडली. हात कानांवर!

सर्किट शीळ घालत होतं! इतकी बारीक की आम्हा मोठ्यांपैकी कुणालाच ऐकू येत नव्हती. म्हणजे ट्रान्झिस्टर शाबूत होता, घोटाळा पुढे होता. बघितलं तर मोठ्या कॉइलच्या तारेचं टोक, त्यावरचं लाखेचं आवरण नीट न खरवडताच सोल्डरचा डाग दिलेला, म्हणजे तार जोडलेलीच नव्हती. खरवडून पुन्हा डाग दिला, ट्यूब पेटली. काकांनी टाळी वाजवली. "आपला मीटर टेबलाखाली बसलाय!"

मला सगळ्यांनी शाबासकी दिली. मीही घेतली. घरी येऊन भात लावला, कुकरची दुसरी शिटी झाली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरीला ऐकू येतं! आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त येतं!

गॅस बंद करून मी तिला पोटाशी धरलं. आणि दहा मिनिटांत नवी काळजी तयार: ऐकू येतं, तर मग बोलत का नाही? आणि कानांवर हात ठेवते म्हणजे तिला तो त्रास होतोय, रोज, माझ्यामुळे!

* * *

त्या सुमारास मला जाणवलं, खोलीत कुणी 'मुका' म्हणत नाही. बऱ्याच दिवसांत ऐकलंच नव्हतं. न पेटलेला पीस हातात घेऊन वनिता म्हणायची, "ह्यो रुसलाय." काकाही म्हणायला लागले, "आज तीन रुसलेत." तिवारीजी तर, "ये रूठ गए हैं, भाभीजी."

कधी ठरलं, कुणी ठरवलं, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर वनिता म्हणाली असती, "काय ठरवायचा हाय त्यात?"

* * *

पालघरला दर शनिवारी मुंबईहून कान-नाक-घशाचे एक डॉक्टर यायचे. मी मंजूला घेऊन गेले. वनिता सोबत यायला निघाली होती, मीच नको म्हटलं. मनाशी ठरवलं होतं, डॉक्टर म्हणाले 'शीळ', की सोमवारपासून काम बंद. काकांना काय सांगायचं तेही बसमध्ये दोनदा घोकून झालं होतं.

डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे घंटी वाजवली. मंजू वळली. हळू वाजवली. वळली.

"ऐकू येतंय की उत्तम. नाव काय बाळ तुझं?"

गप्प.

"आई कुठेय? बाबा कुठेय?"

गप्प. माझ्याकडे बोटसुद्धा नाही.

"काम काय करता तुम्ही?" त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं: सर्किट, शीळ, खोकं, सगळं. ते 'हं' म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ लावत मी काकांना सांगायचं ते तिसऱ्यांदा घोकलं.

"घसा बघू. मोठ्ठा आ कर, बाळ."

मंजूनं शहाण्यासारखा आ केला. डॉक्टरांनी टॉर्चचं बटण दाबलं. पेटला नाही. पुन्हा दाबलं. नाही. त्यांनी कंपाउंडरला हाक मारली, "अहो, सेल संपलेत की!"

"आत्ताच नवे घातले, साहेब."

डॉक्टरांनी टॉर्च तळहातावर आपटला. मग टेबलाच्या कडेवर. एकदा, दोनदा. मंजू आ करून बघत होती. तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलला, आणि माझ्या मांडीवरून, अगदी खणखणीत आवाजात:

"आपटतस कशाला? आदी उलटा करून बग!"