बोटीवरची भाऊबीज

मागच्या सीटवर चिरोट्यांचा डबा, पुढे सुनंदाच्या मांडीवर ओवाळणीचं ताट आणि स्टिअरिंगमागे मी. भाऊबीजेला बायकोला घेऊन मेहुण्याकडे निघालेला नवरा, असंच कुणालाही वाटलं असतं. फरक इतकाच, की मेहुणा इंग्लंडात होता आणि आम्ही दुबईतल्या करामातून अबुधाबीला निघालो होतो, एका बोटीवर टीव्ही बघायला.

अविनाश हा सुनंदाचा धाकटा भाऊ. इंजिनिअरिंग शेवटच्या वर्षाला सोडून तो इंग्लंडला गेला, तिथे हॉटेलात स्वयंपाकी झाला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून मोकळा झाला. या तिन्हींपैकी नेमकं काय माझ्या सासऱ्यांना सगळ्यात जास्त लागलं, ते मला अजून उमगलेलं नाही. त्यांनी पुण्याच्या घरात त्याचं नाव घेणं बंद केलं आणि सुनंदाकडून देवासमोर वचन घेतलं, की त्याला पत्र लिहायचं नाही आणि फोन करायचा नाही. तिने सहा वर्षं ते पाळलं. दर भाऊबीजेला ती ताट मात्र तयार करायची आणि न ओवाळताच उचलून ठेवायची. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, म्हणून मी एकदा तसं सुचवून पाहिलं. ‘मला भाऊ आहे,’ एवढंच म्हणाली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

त्या दिवाळीत तिच्या लेस्टरच्या मावसबहिणीचा फोन आला. अविनाश तिकडच्या टीव्हीवर स्वयंपाकाच्या कार्यक्रमात दिसणार होता, शुक्रवारी त्यांच्या दुपारी दोनला, म्हणजे आपल्या संध्याकाळी सहाला. आणि त्याच दिवशी भाऊबीज. पत्र नाही, फोन नाही. बघायचं नाही असं बाबा कुठे म्हणाले होते? मी म्हटलं, मावसबहीण टेप करून पाठवेल. त्यावर सुनंदाने विचारलं, टेपला कोणी ओवाळतं का? कार्यक्रमही आधीच चित्रित करून ठेवलेला असणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

राहता राहिला प्रश्न, इंग्लंडचा टीव्ही इथे दिसणार कुठे? तर सावंतच्या बोटीवर. सावंत मूळ मालवणचा, आमचा जुना मित्र. एका इंग्रज साहेबाच्या बोटीची इंजिनं आणि वायरिंग तो सांभाळतो. आधी ही बोट भूमध्य समुद्रात, ग्रीसच्या बेटांमध्ये असायची. तिथे साहेब सकाळी डेकवर बसून लंडनच्या बातम्या बघायचा, हे सावंतने आम्हांला इतक्यांदा ऐकवलं होतं की बोट म्हटलं की इंग्लंडचा टीव्ही दिसणारच, असं आमचं पक्कं मत झालं होतं. साहेब सुट्टीवर गेला होता आणि त्याने परवानगीही दिली होती.

“वहिनी, टेन्शन नका घेऊ,” सावंत फोनवर म्हणाला. “सॅटेलाइट तोच, डिश तीच, कार्ड तेच. पिक्चर जाणार कुठे?”

रमजानचा पहिला दिवस होता. रस्ता रिकामा, दोन्ही कडेला पाणी घालून जगवलेली झाडं आणि त्यांच्यामागे वाळू. या महिन्यात सूर्य मावळेपर्यंत उघड्यावर खाणंपिणं चालत नाही. त्यामुळे वाटेतली कॅफेटेरिया (चहा-सँडविचची टपरी) बंद होती आणि चिरोट्यांचा वास मात्र अबुधाबीपर्यंत माझ्या मानेशी येत राहिला. दुपारच्या चहाशिवाय माझं डोकं चालत नाही. पुढे जे झालं त्यातलं निम्मं मला कळलं नाही, त्याचं खापर मी त्या चहावर फोडतो.

बोट पांढरीशुभ्र होती. वर एक गोल पांढरा घुमट होता, तो सुनंदाला पाण्याची टाकी वाटला. डिश त्याच्या आत असते, बोट हलली की ती आपोआप फिरून सॅटेलाइट धरून ठेवते, असं सावंतने सांगितलं. चपला काढून चढायचं असतं हे कळल्यावर सुनंदाच्या मनात बोटीबद्दलचा आदर एकदम वाढला. सुकाणूवर इब्राहिम होता, कोळिकोडचा. उपासाने त्याचे ओठ सुकले होते, तरी त्याने हसून ताट हातात घेतलं आणि तिला चढू दिलं.

धक्क्यावरच्या क्रेन आड येतात म्हणून बोट बाहेर काढायची ठरली. कॉर्निश (समुद्रकाठचा रस्ता) मागे पडली, उंच इमारती बुटक्या झाल्या आणि पाणी हिरवं दिसू लागलं. खारफुटीच्या एका बेटाजवळ इब्राहिमने नांगर टाकला. आम्ही केबिनमध्ये टीव्हीसमोर पाटावर बसावं तसे ओळीने बसलो.

घुमटात घरघर झाली. पडदा निळा झाला. मग अरबी बातम्या आल्या, मग घोड्यांची शर्यत, मग पुन्हा निळं. सावंत खाली वायरी हलवायचा, वर येऊन बघायचा, पुन्हा खाली जायचा. मी उगाच रिमोट धरून बसलो होतो. बोट भरतीबरोबर वळत होती. सूर्य मावळला, रेडिओवर बांग झाली, तेव्हा इब्राहिमने खजूर वाटले. सुनंदाच्या हातात ताट होतं, म्हणून तिचा खजूर त्याने ताटातच ठेवला. मला थर्मासमधला चहा मिळाला, पण गोंधळ काही कमी झाला नाही.

तेवढ्यात पडद्यावर स्वयंपाकघर आलं. पांढरी टोपी घातलेला एक माणूस पाठमोरा उभा राहून कांदा चिरत होता.

“अवी!” सुनंदा म्हणाली. “बघा, डावरा आहे.”

मी घाईने काडी ओढली, निरांजन लागलं, तिने ताट उचललं. दोनदा ओवाळून झालं आणि तो माणूस वळला. पन्नाशीचा, जाड मिशांचा. इटालियन बोलत होता. सुनंदाने ताट हळूच खाली ठेवलं आणि फुंकर न मारता वात बोटाने दाबली. कोणीच हसलं नाही. मला तर तो परका माणूस पडद्यावरून लवकर जाईना म्हणून त्याचाच राग आला.

शेवटी सावंतने मोबाइलवरून शहरातल्या एका डिशवाल्याला गाठलं. बराच वेळ हूं हूं करून तो आमच्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो सॅटेलाइट म्हणे बॅटरीसारखा आहे. उजेड इंग्लंडवर धरलेला. भूमध्य समुद्रात त्या उजेडाची कड पोचते, इथे नाही. इथे तो पकडायचा तर खोलीएवढी डिश लागेल. सगळं तेच असून दिसत नाही, हे माझ्या डोक्यावरून गेलं.

सुनंदाने मात्र नीट ऐकलं होतं.

“पण तो इथूनही आकाशात आहेच ना?” तिने विचारलं. “फक्त त्याचं तोंड तिकडे आहे?”

“हो वहिनी,” सावंत म्हणाला.

“मग मला दिशा दाखवा.”

सहा वाजले होते. आम्ही डेकवर आलो. सावंतने नैर्ऋत्येला हात केला, जरा वर, आणि त्याच्या हाताखाली, पाण्याच्या थोडी वर, बारीक कोर होती. रमजान सुरू व्हायला आदल्या संध्याकाळी सारा देश जिला शोधत होता, तीच. मी सुनंदाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वाऱ्याने वात लागेना, तेव्हा इब्राहिम पाठीचा आडोसा करून उभा राहिला आणि सावंत पाण्याची बादली घेऊन, कारण खाली डिझेल होतं. तिने कुंकवाचं बोट हवेत टेकवलं, अक्षता समुद्रात टाकल्या आणि शांतपणे ओवाळलं. तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही. कशाने, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग चिरोटे खाल्ले. इब्राहिमने चार खाल्ले.

परतताना दुबईचे दिवे दिसू लागल्यावर मी धीर करून म्हटलं, “शेवटी चंद्रालाच ओवाळलंस.”

“मी अवीला ओवाळलं,” ती म्हणाली. “मध्ये चंद्र आला, त्याला मी काय करू?”

तिच्या हातात रुमाल होता आणि रुमालात ताटातला तो खजूर. ताटात पडलेली ओवाळणी बहिणीने ठेवून घ्यायची असते, पण ही भावाने टाकलेली नव्हती, मग ती त्याच्यापर्यंत पोचवायची का? या प्रकरणात नियम काय, मला ठाऊक नव्हतं. तिला होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही करामाच्या पोस्टात गेलो. उरलेल्या चिरोट्यांचा डबा आणि वर तो खजूर. पत्ता मावसबहिणीने केव्हाच दिलेला होता. आत चिठ्ठी आहे का, असं खिडकीतल्या माणसाने हिंदीत विचारलं. “चिट्ठी नहीं लिखनी है,” सुनंदा म्हणाली, “वचन दिया है।” तो गोंधळला. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहावाच लागतो, तो पोस्टाचा नियमच आहे, असं तिने मला न विचारता सांगितलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं. फोन नंबर नियमात नव्हता. तो तिने डब्याच्या दोन्ही बाजूंना लिहिला.