आईच्या तोंडावरची पावडर

माझ्या बाथरूमच्या कपाटात सिलिकाची एक बरणी आहे. गेलं दीड वर्ष मी तिचं झाकण उघडलेलं नाही आणि ती फेकलेलीही नाही. नवरा एकदा सहज म्हणाला, "टाकून दे ना ती." मी त्याच्यावर अशी खेकसले, की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

सिलिका म्हणजे मैद्याहून बारीक, पांढरी, वजनच नसल्यासारखी पूड. ती घाम आणि तेल शोषून घेते, चेहरा चमकू देत नाही. इथे ऑस्ट्रेलियात, डार्विन शहराचा पावसाळा लागला की दारातून गाडीपर्यंत जाईस्तोवर मेकअप हनुवटीवर उतरतो, म्हणून मी माझी फेस पावडर घरीच करायला लागले होते. थोडी केओलिनची पांढरी माती, थोडा अभ्रक, आमच्या वर्णाला जुळेल इतका तपकिरी रंग आणि सिलिका. हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी, त्यामुळे तोलून मिसळायची सवय हाताला होतीच. खरं सांगायचं तर त्याचा थोडा माजही होता.

बाबा गेल्यावर आई वसईहून कायमची आमच्याकडे आली, ती बॅगेत टाल्कमचे चार डबे घेऊन. रविवारी मिस्साला निघताना ती तोंडाला टाल्कम थापायची. तोंड आणि गळा पांढरा, कान मात्र सावळेच. लहानपणी मला त्याची इतकी लाज वाटायची की चर्चच्या रस्त्यावर मी तिच्या दोन पावलं पुढे चालायचे. इथे आल्यावर मी ते डबे पहिल्याच आठवड्यात कचऱ्यात टाकले आणि तिच्यासाठी खास पावडर करायला बसले. तिच्या मनगटावर लावून बघत सात वेळा रंग बदलला, तेव्हा कुठे तो तिच्या कातडीत मिसळून गेला.

आईने आरशात पाहिलं. "अगं, लावलीय ते कळतच नाही."

"कळू नये म्हणूनच केलीय."

"मग लावायची कशाला? जरा पांढरी कर की."

"आई, पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखं दिसतं ते."

दोन वर्षं दर रविवारी हेच चालायचं. ती हसत मागायची आणि मी हसत नाही म्हणायचे. शेवटच्या रविवारी ती हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं. त्याच आठवड्यात एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच ती गेली.

वसईहून मावशीला इतक्या घाईत व्हिसा मिळणं शक्य नव्हतं. फोनवर ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला तिचं तोंड तरी दाखव गं." आमच्याकडे शवपेटीभोवती सगळं घर उभं राहून फोटो काढायची पद्धत आहे. जे पोचू शकले नाहीत, त्यांची तीच शेवटची भेट. मावशीला आई नीट दिसायला हवी होती, आईसारखी दिसायला हवी होती. म्हणून अंत्यविधीवाल्या बाईंना मी म्हटलं, आईचा मेकअप मीच करणार. "नो वरीज, लव्ह, टेक युअर टाइम," असं म्हणून त्या बाहेर गेल्या.

आईला शीतपेटीतून नुकतंच बाहेर काढलं होतं. बाहेरची दमट हवा लागताच तिच्या कपाळावर आणि वरच्या ओठावर बारीक थेंब जमले. मला वाटलं, तिला घाम आलाय. मी घाबरून तिच्या नाकापुढे बोट धरलं. मग टिश्यूने थेंब टिपले आणि वरून पावडर लावली. थेंब पुन्हा आले. म्हणून मी नुसती सिलिका घेतली आणि तिचे तीन थर दिले. तेव्हा कुठे आई कोरडी झाली आणि अगदी तिच्यासारखी दिसायला लागली. उरलेली मी माझ्या घामेजल्या तोंडावर फिरवली.

चॅपलमध्ये उजेड मंद होता. माझी मुलगी कुजबुजली, "मम, इट्स वीअर्ड." पण मी डोळे वटारल्यावर तिने मोबाइल वर धरला. तो लख्खकन चमकला.

फोटो मी पाहिला तो दफन झाल्यावर, गाडीत बसून. आईचं तोंड पांढरंफटक होतं, कान मात्र सावळे. सिलिका फ्लॅशचा झोत तसाच परत फेकते आणि डोळ्यांना न दिसणारी पावडर फोटोत चुन्यासारखी उमटते. मला हे माहीत होतं. मैत्रिणींना लग्नाच्या आधी मीच बजावायचे. त्या दिवशी मात्र मला थेंबांपलीकडे काही सुचलं नव्हतं, आणि आता पेटी मातीखाली गेली होती.

मावशीचे फोनवर फोन येत होते. शेवटी मी फोटो पाठवला आणि शिव्या ऐकायच्या तयारीने बसले. तिचा फोन आला, तेव्हा ती रडत होती.

"रविवारी मिस्साला निघायची ना, अगदी तश्शी दिसतेय गं. मला वाटलं होतं, तिथे जाऊन ती बदलली असेल. तिच्या आवडीसारखी पावडर लावलीस, बरं केलंस पोरी."

मी "हो" म्हणाले.

ते "हो" खोटं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. कपाट उघडलं की कपाळावरचे थेंब दिसतात आणि मागून आवाज येतो, जरा पांढरी कर की. मी वळून बघत नाही, कारण मला भीती वाटते. दोन वर्षं तिने एवढंच मागितलं आणि मी एकदाही ऐकलं नाही. मावशीला वाटतं, मी ऐकलं.

मावशीने तो फोटो फ्रेम करून वसईच्या घरात लावलाय. त्यात सगळे आपापल्या रंगाचे आहेत, पांढरे चेहरे दोनच. एक आईचा आणि दुसरा तिला चिकटून उभा असलेला माझा.