टपावरचा धुक्याचा दिवा

मला कानडी येतं, ही अफवा मीच उठवली होती.

मी परंड्याकडचा. आमच्या बाजूला कानडी कानावर पडायचं काही कारणच नव्हतं. लढाई संपली त्या सुमारास नळदुर्गात एका लिंगायत आडत व्यापाऱ्याकडं मोटार चालवायला लागलो. मालकांना सगळे अप्पा म्हणत आणि मालकीणबाईंना अव्वा. त्यांच्याकडं दुकानात मराठी, सरकारी कचेरीत उर्दू आणि चुलीपाशी कानडी चाले. तीन महिन्यांत मी 'बा' म्हणजे ये, 'नीरु' म्हणजे पाणी, 'ऊटा' म्हणजे जेवण आणि 'म्याले' म्हणजे वर, एवढी कमाई केली आणि कानडी संपलं असं समजून चाललो.

त्या साली थंडीत बोरी नदीच्या काठानं सकाळचं धुकं असं बसायचं, की मोटारीपुढं कुणी कापूस पिंजत बसलंय असं वाटावं. अप्पांच्या जुन्या मोटारीचे दिवे त्यापुढं देवळातल्या समया. अप्पांनी सोलापूरला मोडीत निघालेल्या मिलिटरीच्या गाडीचा एक पिवळ्या काचेचा दिवा हेरला आणि मला म्हणाले, "जा, फिटरकडनं नीट समजून घे आनि बसीव."

फिटर मराठी बोलणाराच होता. पण मी दारातनंच "येन्री, आराम?" असं विचारपुशीचं ऐकीव कानडी फेकलं. तो खूश झाला आणि तिथून पुढं कानडीशिवाय बोलेना. वायर कुठं जोडायची, बटण कुठं लावायचं ते हातानं दाखवलं, म्हणून कळलं. शेवटी दिवा माझ्या हातात देत तो दोनदा बजावून म्हणाला, "म्याले ब्याड. केळग हाक्री."

आता 'म्याले' तर माझ्या खिशातला शब्द. 'ब्याड' ऐकल्यावर मला गिरणीच्या इंजिनाचं बेड आठवलं. लोखंडी बैठक असते ती. म्हणजे बैठक वर मारायची. राहिलं 'केळग'. दिवा विकला, समजावून सांगितलं, वर माणूस केळी मागतोय, तर नाही कसं म्हणावं? मी कोपऱ्यावरनं डझनभर केळी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. तो केळ्यांकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. मला वाटलं, भिडस्त आहे.

नळदुर्गात येऊन लोहाराकडनं पट्टी वाकवून घेतली, टपाला समोरच्या काचेच्या वर दोन भोकं पाडली आणि दिवा मोटारीच्या कपाळावर बसवला. लोहार म्हणाला, "एवढ्या वर?" मी म्हणालो, "सोलापूरच्या फिटरचा हुकूम हाय." अप्पांनी लांबून बघितलं. "गाडीला शिंग फुटलं," एवढंच म्हणाले. पुढचे आठ दिवस आभाळ लख्ख होतं, म्हणून मी शहाणा ठरलो.

अप्पांना जुना अंतर्गळ होता. पट्टा बांधून फिरायचे. एक दिवस हमालांना पोतं कसं उचलायचं ते दाखवायला गेले आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गळ अडकला. आत जाईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं दाबून बघितलं, मान हलवली आणि अव्वांना बाजूला घेऊन सांगितलं, "आतड्याला पीळ बसलाय. दुपारच्या आत सोलापूरला टेबलावर न्या. उशीर झाला तर आतडं सडंल, मग कुणाच्या हातात न्हाय."

मागच्या सीटवर अप्पांना आडवं घातलं, डोकं अव्वांच्या मांडीवर. तांबडं फुटत होतं, पण ते दिसायला धुक्यानं जागा ठेवली नव्हती. गाव सुटलं आणि मी मोठ्या दिमाखात वरच्या दिव्याचं बटण दाबलं.

पुढचा सगळा रस्ता गायब झाला. काचेपुढं एक पिवळी भिंतच उभी राहिली. दिवा काचेवरनं सगळा उजेड धुक्यात टाकत होता आणि धुकं तो तसाच माझ्या डोळ्यांत परत करत होतं. बंद केला तर काळोख, लावला तर भिंत. तसाच मैलभर चाचपडत गेलो आणि एका बैलगाडीच्या मागं वीतभर अंतरावर कसाबसा थांबलो.

गाडीवान उतरून आला. "लई उजेड पाडलासा राव," तो म्हणाला. "बैल बुजलं की माजं."

मागून अव्वा म्हणाल्या, "दिवा तिथं कुनी लावाय सांगितला?"

"फिटरनं, अव्वा. कानडीत सांगितलं त्यानं. म्याले ब्याड म्हनला."

अप्पांचं कण्हणं थांबलं. मग ते दबक्या आवाजात म्हणाले, "लेका, ब्याड म्हंजी नको. वर नको म्हनला त्यो तुला."

"आनि केळग?"

"खाली. खाली लाव म्हनला."

मला गप्प बसायला काय झालं होतं? पण म्हणालो, "मी त्याला डझनभर केळी दिली."

अप्पांना हसू आलं आणि त्या हसण्यानंच कळ आली. "हसवू नको रे," ते पोटाला धरून म्हणाले, "आतडं तुटंल." अव्वांनी पदर डोळ्यांना लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या हे मी वळून बघितलं नाही. माझी हिंमत नव्हती.

पाना काढला आणि टपावर चढून दिवा सोडवला. वायर टपापर्यंत नेलेली, म्हणून खाली बंपरपर्यंत पुरत होती. गाडीवानानं जादाचा कासरा दिला. पुढच्या बंपरवर गोणपाटाची घडी ठेवून दिवा चांगला आवळला, तोंड जमिनीकडं केलं, बटण दाबलं. दिवा लागेना.

बल्ब बघितला, वायर बघितली, दोन्ही शाबूत. मोटारीच्या दिव्याला वायर एकच असते; विजेची परतीची वाट गाडीच्या लोखंडातनं. फिटर लोक तिला 'अर्थ' म्हणतात. मी तर मध्ये गोणपाट घालून ती वाटच बुजवली होती. मला फिटरच्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता आणि आता दिव्यालाही लागत नव्हता. गोणपाट फेकलं, पान्याच्या टोकानं बंपरचा रंग खरवडला, दिव्याची पट्टी उघड्या लोखंडावर दाबून पुन्हा कासरा आवळला. दिवा लागला.

उजेड धुक्याच्या खालनं सरपटत गेला. चाकोरी दिसली, कडेचे दगड दिसले, बाभळीचं खोड दिसलं. फार नाही, दोन-तीन बैलगाड्यांइतकं अंतर. पण तेवढं दिसल्यावर माणसाला आणखी काय लागतं? गाडीवानाला कासऱ्याचं विचारलं तर तो म्हणाला, "न्या. मानूस पोचू द्या आधी."

संस्थानच्या हद्दीवरच्या नाक्यापर्यंत ऊन आलं. नाक्यावरच्या मुन्शीनं मागच्या सीटकडं एकदा बघितलं आणि न विचारता अडसर वर केला. दुपारच्या बऱ्याच आधी अप्पा टेबलावर होते. तासाभरानं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आतडं अजून लालच होतं, कापावं लागलं नाही. पण एक अट घातली. पोटातला वारा सरेपर्यंत पाण्याचा घोट द्यायचा नाही. वारा सरला म्हणजे आतडं चालू झालं. नाही सरला, तर पुन्हा उघडावं लागेल.

मग आम्ही वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी नळदुर्गाहून दुकानाचे दिवाणजी आले, अप्पांचे धाकटे भाऊ आले. व्हरांड्यात रांगेनं बसलेली सगळी अब्रूदार माणसं, आणि सगळ्यांचे कान एका खोलीकडं. येणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात विचारी, "झालं का?" दिवाणजींनी तर देवाला नारळ बोलला. कशासाठी बोलला, ते त्यांनी देवालासुद्धा आडवळणानंच सांगितलं असणार.

त्या दिवशी दुपारी दार उघडून अव्वा बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "पानी आना."

दिवाणजींनी हात जोडले. मी तांब्या घेऊन नळाकडं पळत सुटलो.