उन्हात धरलेलं पान

नंदे, आधी तो फोन बाजूला ठेव आणि माझ्याजवळ बसल्यासारखी बसून हे वाच. तीनदा विचारलं, तीनदा म्हणालीस, "जाते गं आत्या. कंपनीत ट्रॉली लागली असेल." दंडावरचा डाग काय आपल्या पायानं दवाखान्यात जाणार आहे? म्हणून तुझ्या बापाचं लिहायला बसले.

आप्पाची नजर साऱ्या निमोण्यात ठाऊक होती. डाळिंबावर तेल्या आल्याची शंका आली, की लोक पान घेऊन त्याच्याकडे धावायचे. तेल्या म्हणजे तेलकट डाग पाडून उभी बाग संपवणारा रोग. आप्पा त्यांना बांधाबाहेरच थांबवायचा. पान हातातसुद्धा घ्यायचा नाही. "उन्हात धर, मंग बोल," एवढंच म्हणायचा. लांबूनच बघून सांगायचा, आणि ते खरं निघायचं.

त्याच्या बागेचं सोवळं देवळापेक्षा कडक. औषधाच्या पाण्यात कात्री बुडवल्याशिवाय फांदीला लावू द्यायचा नाही. तुझं लग्न झाल्यावर जावई पहिल्यांदा बाग बघायला आले, तर त्यांनाही अडवलं. "जावईबापू, पाय धुवा. तुमच्या गावात तेल्या हाय." बिचारे नवे बूट हातात धरून उभे! तू पदराआड हसत होतीस.

त्या राखीपौर्णिमेला राखी बांधताना त्याची बाही वर सरली. मनगटाच्या वर पिकल्या जांभळाच्या रंगाचा डाग.

"ठणकतंय का रं?"

"न्हाई."

"खाजतंय?"

"न्हाई गं अक्के. डाळिंबाचं कॅरेट उचलताना लागलं आसंल. तू राखी बांध."

मलाही मुका मारच वाटला. आंबेहळद उगाळून मीच लेप लावला, ह्या माझ्या हातानं. आणि निवांत दौंडला घरी आले.

भाऊबीजेला ओवाळण्याआधी त्याच्या पाठीला तेल लावायला बसले आणि हात जागीच थांबला. पाठभर डाग, काही सुपारीसारखे वर आलेले. मानेत गाठी. मग एकेक सांगू लागला: दात घासताना रक्त येतं, बांध चढताना धाप लागते. "मला वाटलं, कॅरेटच," म्हणाला. तेव्हा त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती पाहिली मी.

दौंडच्या डॉक्टरांनी थेट पुण्याला धाडलं. तिथं डागाचा तुकडा काढला, कमरेच्या हाडातला मगज तपासला. रक्ताचाच कॅन्सर, पण आधी कातडीवर उमटणारा. क्वचित होतो आणि फार घाईनं वाढतो, असं डॉक्टर म्हणाले. केमो सुरू झाली आणि महिन्याभरात डाग विरले! मी पेढे वाटले. आप्पानं पेढा हातातच ठेवला. "अक्के, पान साफ झालं. झाडाचं काय?"

दुसऱ्या कुणाचा मगज घालायचं ठरत होतं, तेवढ्यात डाग परतले. पुढचा बहार त्यानं पाहिला नाही. शेवटच्या आठवड्यात खिडकीतल्या उन्हात मनगट धरून बसला होता. म्हणाला, "गावाची पानं बघितली. ह्ये तेवढं ऱ्हायलं."

हा रोग बापाकडून लेकीकडं येत नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावलं. मी दोनदा मान हलवली. तरी हल्ली वांग्यावर डाग दिसला तरी ते उन्हात धरून बघते मी. आणि तू "ट्रॉली लागली असेल" म्हणालीस, तेव्हा मला त्याचंच कॅरेट ऐकू आलं. तुझा डाग ट्रॉलीचाच असेल, असू दे. पण ते डॉक्टरांनी सांगू दे.

ह्या रविवारी ये. सकाळीच ये, अंगणात ऊन चांगलं असतं. आंबेहळद मी उगाळणार नाही. तुझा दंड उन्हात धरून बघू आणि तशाच दवाखान्यात जाऊ. ये गं बाई, लवकर ये.